स्पोर्ट्स कारमधील द्रव आणि होज पाइप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पोर्ट्स कार वेगाने चालवली की तिचे इंजिन आणि ब्रेक प्रचंड तापतात. इंजिनाची उष्णता वाहून नेणे, भागांना वंगण देणे आणि ब्रेकचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणे ही कामे द्रव करतात आणि होज पाइप त्यांना वाट देतात. त्यांची पारख केवळ रंगावरून किंवा पातळीवरून केली, तर ती चुकते.

गैरसमज १: ब्रेक ऑइल हे ऑइलच असते.
वस्तुस्थिती: गॅरेजमध्ये रुळलेले हे नाव फसवे आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे द्रव ग्लायकॉलवर आधारित असतात. त्यांच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले, तर ब्रेकमधील रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात.

गैरसमज २: पातळी बरोबर असेल तर ब्रेक द्रव बदलायला नको.
वस्तुस्थिती: हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. मानकानुसार ताजा डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ट्रॅकवर किंवा घाटउतारावर लागोपाठ ब्रेक दाबताना द्रव उकळला, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पायाचा जोर ते दाबण्यातच खर्ची पडतो आणि पेडल तळाला टेकते. म्हणून अनेक उत्पादक हा द्रव दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. पातळी हळूहळू उतरली असेल, तर ब्रेक पॅड झिजलेले असू शकतात. वरून भर घालण्याआधी पॅड आणि गळती तपासावी.

गैरसमज ३: एका रंगाचे सगळे कूलंट सारखेच, नाहीतर साधे पाणीही चालते.
वस्तुस्थिती: कूलंटचा रंग उत्पादक आपल्या सोयीने ठरवतो. आतली गंजरोधक रसायने वेगळी असू शकतात आणि भलत्याच मिश्रणाने त्यांचा परिणाम घटतो. नळाच्या पाण्यातील क्षार रेडिएटरमध्ये साचतात आणि ॲल्युमिनियमचे भाग गंजतात. पुस्तिकेत सांगितलेला कूलंटच वापरावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून गंभीर भाजते.

गैरसमज ४: बाहेरून चकचकीत दिसणारा होज पाइप शाबूत असतो.
वस्तुस्थिती: इंजिनाचा धातू, कूलंट आणि रबर यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होऊन रबराला आतून बारीक भेगा पडतात. त्या बहुधा टोकांजवळ असतात. इंजिन थंड असताना पाइप क्लिपजवळ आणि मध्यभागी दाबून पाहावा. टोके मधल्या भागापेक्षा मऊ लागली, पाइप कडक झाला असेल किंवा ऑइल लागून फुगला असेल, तर तो बदलावा.

गैरसमज ५: इंजिन ऑइल नेहमी थंड इंजिनातच मोजावे.
वस्तुस्थिती: पद्धत इंजिनाच्या रचनेवर ठरते. हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ मध्ये, म्हणजे १९९८ पर्यंतच्या मालिकेत, ऑइल वेगळ्या टाकीत असते. ते सपाट जागी, इंजिन पूर्ण तापलेले आणि चालू असताना मोजतात. थंड इंजिनात पातळी कमी दिसते; त्यावर विसंबून ओतलेले जादा ऑइल हवेच्या मार्गात जाऊन धूर होतो.

प्रत्येक द्रव बदलल्याची तारीख आणि किलोमीटर यांची नोंद ठेवावी. डोळ्यांना न दिसणारी झीज त्या नोंदीवरूनच वेळेत लक्षात येते.