या, हे टोक धरा

मिनेसोटातल्या ल्युथरन चर्चमध्ये रविवारी आत शिरताना दारातच घडी घातलेला एक कागद हातात देतात. आतल्या पानांवर त्या दिवसाच्या उपासनेचा क्रम असतो: गीत कोणतं, बायबलमधला उतारा कोणता, उभं कधी राहायचं, बसायचं कधी. मी आधी वाचते ते मागचं पान. येत्या आठवड्यांचा सगळा कारभार तिथे असतो. मंगळवारी सकाळी तळघरात गोधड्या. बुधवारी संध्याकाळी मुलांचा वर्ग, त्याआधी सगळ्यांसाठी सूप. गुरुवारी गायकवृंदाची तालीम. शनिवारी आवारातला पाचोळा गोळा करायचा आहे, आपापली दाताळी आणा. एका घरी मयत झालं आहे, अंत्यविधीनंतरच्या जेवणाला गोडाच्या वड्या कमी पडताहेत. प्रत्येक सूचनेखाली ठरलेली ओळ: नाव नोंदवा.

मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या आजींनी एकदा अंगणातूनच विचारलं, "तुला शिवता येतं का गं?" "थोडंफार," म्हटलं, तर पुढच्या मंगळवारी त्यांची गाडी दारात उभी. तेव्हापासून जाते. आपल्याकडे घरी आलेल्याला 'या, बसा' म्हणतात, पाणी देतात, आणि तो कामाला हात लावू लागला तर यजमानालाच ओशाळल्यासारखं होतं. या तळघरात रीत उलटी. जिना उतरून कोट खुंटीला लावता न लावता कुणीतरी चादरीचं एक टोक हातात देतं: "हे जरा ताणून धरता का?" नाव मग विचारतात. तोवर तुमचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे अवघडून बसायची सोयच नसते.

मराठी मुलखात ख्रिस्ती म्हटलं की वसईचे कॅथलिक नाहीतर अमेरिकन मराठी मिशनचं अहमदनगर आठवतं. ल्युथरन हे नाव फारसं कानावर येत नाही. मार्टिन ल्युथरनं 1517 साली जर्मनीत विटेनबर्गला पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 मुद्दे मांडले, तिथून निघालेली ही परंपरा. भारतात ती 1706 मध्येच तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला आली, डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मिशनऱ्यांबरोबर. मिनेसोटात ती एकोणिसाव्या शतकात आली, नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीहून जमिनीच्या शोधात निघालेल्या शेतकऱ्यांबरोबर. प्रत्येकाची भाषा वेगळी, म्हणून चर्चही वेगळं. पुढे नातवंडं इंग्रजीच बोलू लागली, विलीनीकरणं होत गेली आणि 1988 मध्ये 'इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च इन अमेरिका' ही मोठी संस्था उभी राहिली. आमचं चर्च तिच्यातलंच.

मंगळवारचं काम चालतं ते स्वयंपाकघराला लागून असलेल्या दालनात. घडीची टेबलं जोडून मोठा ओटा केलेला. एका बाजूला दान आलेल्या कापडाचे ढीग: जुन्या चादरी, पडदे, जीन्स, सोफ्याच्या कापडाचे नमुने. पहिली निवड इथेच होते. झेंडे, लष्करी नक्षी, क्रूस किंवा देवदूत असलेलं कापड बाजूला जातं. गोधडी कुणाच्या तंबूत पोचेल ते माहीत नसतं, त्यामुळे तिच्यावर आपलं काही लिहून पाठवू नये, असा त्यामागचा विचार. मळ दिसणार नाही असे गडद रंग आधी उचलतात. मग चौकोन कापायचे, ते जमिनीवर मांडून रंग जुळवायचे आणि शिलाई यंत्रावर जोडायचे. तयार गोधडीचं माप 60 बाय 80 इंच, म्हणजे एका मोठ्या माणसाला पांघरता येईल एवढं.

पुढचा टप्पा माझ्या आवडीचा. खाली अस्तर, मध्ये जुनं ब्लँकेट किंवा कापसासारखी भरण, वर जोडलेले चौकोन, असे तीन थर टेबलावर पसरतात. चार जणी चार कोपरे धरून ताणतात, मधली हातानं सुरकुत्या कडेला लोटते आणि टाचण्या मारते. मग प्रत्येकीनं जाड दोरा ओवलेली सुई घ्यायची, वरून खाली खुपसायची, पाव इंचावर परत वर काढायची आणि दोन टोकं ठेवून दोरा कापायचा. आता गाठ. पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावरून, दुसऱ्यांदा डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं तर गाठ चार धुण्यांत सरकते. अशी गाठ दर सहा-सात इंचांवर, म्हणजे एका गोधडीला शंभराच्या आसपास. शेवटी अस्तराची कड वर दुमडून यंत्रावर शिवली की झालं.

आजीच्या हातची गोधडी मी लहानपणी अंगावर घेतलेली आहे: जुन्या लुगड्यांचे थर आणि कडेपासून मध्यापर्यंत फिरत गेलेला बारीक धावदोरा. ती एकटीनं, दुपारच्या वेळात, उन्हाळाभर शिवायची गोष्ट होती. इथे धावदोरा का नाही, असं मी विचारलं तेव्हा सगळ्यात जुन्या आजींनी माझ्या हातात ब्लँकेट भरलेला थर आणि सुई ठेवली. "दहा टाके घाल आणि सांग." तिसऱ्या टाक्याला बोट दुखलं. एवढ्या जाडीतून सलग टाका जात नाही; गाठ मात्र जाते, आणि चार जणी बसल्या तर एका सकाळी गोधडी टेबलावरून उतरते. शिवाय गाठ मारायला शिवणकामाचं अंग लागत नाही. टेबलाशी दोन निवृत्त इंजिनिअर आजोबा बसतात, शाळेला सुट्टी असली की दहा वर्षांची नातही बसते. पास्टरबाई मध्येच येऊन पाच-सहा गाठी मारून जातात. त्यांच्या गाठी सैल असतात, आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलं जातं.

या गोधड्या ल्युथरन वर्ल्ड रिलीफ या संस्थेकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या युरोपला मदत पाठवण्यासाठी ती 1945 मध्ये सुरू झाली. आज तिच्या गोधड्या निर्वासितांच्या छावण्यांत, भूकंप-पुरानंतरच्या वस्त्यांत पोचतात. तिथे त्या नुसत्या पांघरल्या जात नाहीत: जमिनीवर अंथरतात, आडोसा म्हणून टांगतात, बाळाला त्यात बांधून पाठीवर घेतात. म्हणूनच गाठीबद्दल इतका आग्रह.

दहाच्या सुमाराला कॉफी होते. एरवी ती मोठ्या विजेच्या भांड्यातली, पातळ आणि पोटभर. सणासुदीला मात्र अंड्याची कॉफी. भरड पुडीत कच्चं अंडं कवचासकट चुरून कालवायचं, की काळा चिकट लगदा होतो. तो उकळत्या पाण्यात सोडायचा. अंडं शिजताना पुडीला आपल्यात ओढून घेतं आणि वर जाडसर थर धरतं. मग आच बंद करून कपभर गार पाणी ओतलं की थर तळाशी बसतो. वर उरते ती तांबूस, आरपार दिसणारी कॉफी, कडवटपणा जवळजवळ नसलेली. मिनेसोटाच्या राज्य जत्रेत मिनिआपोलिसचं सेलम ल्युथरन चर्च दरवर्षी हीच कॉफी विकतं आणि लोक तिच्यासाठी रांग लावतात. आमच्या स्वयंपाकघरात मात्र ती करायचा मान दोघींनाच आहे आणि त्यांचं अंड्यांच्या संख्येवरून कधी एकमत झालेलं नाही.

चर्चचं निम्मं राजकारण या कॉफीवर चालतं. या चर्चमध्ये पास्टर वरून नेमून येत नाहीत. बिशपच्या कचेरीतून नावं सुचवली जातात, सभासदांची समिती मुलाखती घेते आणि शेवटी सगळी मंडळी गुप्त मतदान करते. दोन तृतीयांश मतं पडली तरच बोलावणं जातं. अंदाजपत्रक जानेवारीतल्या वार्षिक सभेत सगळ्यांसमोर मंजूर होतं आणि छताच्या दुरुस्तीवर जितका वेळ जातो तितका धर्मतत्त्वावर जात नाही. आपल्याकडची हाउसिंग सोसायटी ज्यानं चालवली आहे त्याला इथे काहीच परकं वाटणार नाही.

दाराबाहेर इंद्रधनुष्यी पट्ट्याची एक पाटी आहे: सगळ्यांचं स्वागत. ती अशीच लागलेली नाही. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांना चर्चमध्ये उघडपणे सामावून घेणाऱ्या मंडळींसाठी 'रिकन्सायलिंग इन ख्राइस्ट' नावाचा कार्यक्रम 1984 पासून चालू आहे. त्यात सामील व्हायचं तर मंडळीनं स्वतःचं स्वागतपत्र लिहून ते संमत करावं लागतं. संस्थेच्या पातळीवर हा प्रश्न 2009 मध्ये मिनिआपोलिसच्या अधिवेशनात ऐरणीवर आला. चर्चा चालू असतानाच शहरात चक्रीवादळ आलं आणि शेजारच्या सेंट्रल ल्युथरन चर्चच्या शिखराचं नुकसान झालं. देवाचा कौल कोणत्या बाजूचा, यावर दोन्ही बाजूंनी आपापले अर्थ काढले. ठराव मंजूर झाला: समलिंगी जोडीदाराबरोबर राहणाऱ्यांनाही पास्टर होता येईल. त्यापायी कितीतरी मंडळी संस्था सोडून गेल्या. आमच्या टेबलावरही त्या वेळी कापडाच्या कडांवरून नजर न उचलता बरंच काही बोललं गेलं म्हणे. एक आजी विरोधात होत्या. पुढे त्यांच्याच नातवाच्या लग्नाचं जेवण या तळघरात झालं, नवरे दोघेही या चर्चचेच, आणि बटाट्याचं सॅलड त्या आजींनी केलं. मत बदललं का, असं त्यांना कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

आता शरदाची गर्दी सुरू होईल. सप्टेंबरमधल्या एका रविवारी देशभरातल्या या मंडळी 'देवाचं काम, आपले हात' या नावानं सेवेचा दिवस पाळतात. उपासना थोडक्यात आटोपून आम्ही शाळेच्या दप्तरांचे संच भरू. मग गोधड्यांचा रविवार. वर्षभराच्या गोधड्या चर्चमधल्या बाकांच्या पाठींवर पसरतात, सगळं सभागृह रंगीबेरंगी होतं, लोक त्यांनाच पाठ टेकून बसतात आणि पास्टर त्यांवर आशीर्वाद मागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ल्युथरच्या सुधारणेचा दिवस, वेदीवर लाल वस्त्रं. त्याच सुमाराला, ल्युथरनं 1529 मध्ये लिहिलेली लहान प्रश्नोत्तरी शिकलेली मुलं सगळ्यांसमोर उभी राहून आपल्या श्रद्धेबद्दल चार वाक्यं बोलतात. आयांचे हात रुमालाकडे जातात. पुढे ल्युटेफिस्कचं जेवण: सुकवलेला कॉड मासा आधी क्षाराच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवून शिजवलेला, थरथरणारा. नॉर्वेवाले त्यावर वितळलेलं लोणी ओततात, स्वीडनवाले पांढरा सॉस, आणि हा वाद भाषा विसरल्यावरही टिकला आहे. मला त्याच्या बरोबरची लेफ्से पुरते, उकडलेल्या बटाट्याच्या पिठाची, खाचांच्या लाटण्यानं लाटून लांब पट्टीनं उलटलेली. डिसेंबरात दर बुधवारी सूप आणि सांजप्रार्थना.

हे सगळं कोण करणार, हा प्रश्न टेबलावर नेहमी असतो. 1988 मध्ये या संस्थेचे सभासद 52 लाखांच्या घरात होते, आज तीस लाखांच्या आत आहेत. आमच्या टेबलाशी सत्तरीच्या आतलं माणूस तरुण समजलं जातं. दोन शिलाई यंत्रांवर त्यांच्या दिवंगत मालकिणींची नावं चिकटवलेली आहेत. यंत्रं चालू आहेत. पण वर रविवारी रिकामे बाक मोजून जी काळजी वाटते ती खाली मंगळवारी तितकी जाणवत नाही. खाली येणाऱ्यांपैकी सगळेच वर जात नाहीत. मशिदीत जाणारी एक सोमाली शेजारीण कड शिवायला येते, तिच्याइतकी सरळ शिलाई कुणाचीच नाही. कुठंच न जाणारे एक गृहस्थ फक्त कात्र्यांना धार लावून देतात. मी वर गेले तर प्रसादाच्या वेळी छातीवर हात दुमडून उभी राहते. म्हणजे भाकरी नको, आशीर्वाद चालेल. खाली अशी खूण करायची वेळ कधी आली नाही.

गोधड्यांच्या रविवारानंतर माल भरायचा असतो. बाकांवरून उतरवून घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, ते जिन्यावरून गाडीपर्यंत न्यायचे. हे काम गाठी मारण्याइतकं सोपं नाही, आणि यंदा माणसं कमी आहेत. जो येईल तो चालेल. त्याचा धर्म कोणता, श्रद्धा किती, हे दारात कुणी विचारणार नाही. गुडघे कसे आहेत, एवढं मात्र नक्की विचारतील.