चांगला अंधार कुठे मिळेल?

आज रात्री जेवणे आटोपली की गच्चीवर जा आणि आकाशातले तारे मोजायला लागा. तुम्ही वर्धा शहराच्या भरवस्तीत राहत असाल तर ही मोजणी लवकर संपेल. हेच काम तुमचा एखादा मित्र देवळी तालुक्यातल्या आपल्या वावरात करू लागला, तर मात्र तो मोजता मोजता कंटाळून जाईल. चांगल्या काळोख्या रात्री, स्वच्छ हवेत, नुसत्या डोळ्यांना एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसू शकतात. आकाशगंगेचा फिकट पट्टा दिसतो तो वेगळाच.

मग शहरातले तारे गेले कुठे? ते जागच्या जागीच आहेत. आपणच त्यांच्यापुढे उजेडाचा पडदा लावून ठेवला आहे. हा पडदा कुठे जाड आहे, कुठे विरळ आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तारे पाहायला चांगली जागा कशी शोधायची, ते या लेखात पाहू.

उजेडाचे धुके

रस्त्यावरच्या दिव्याचा काही प्रकाश खाली जमिनीवर पडतो, तर काही आडवा आणि वर निसटतो. वर गेलेला प्रकाश हवेच्या रेणूंवर, धुळीवर आणि धुराच्या कणांवर आपटून सगळीकडे विखुरतो. त्यातला काही परत आपल्याकडे येतो आणि आकाश करडे, दुधाळ दिसू लागते. अशा आकाशात मंद तारे बुडून जातात.

प्रकाशाचा रंगही इथे महत्त्वाचा आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा जास्त विखुरतात. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर असते. पांढऱ्या एलईडी दिव्यातला निळा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वहीत करून पाहा: ५८९ ला ४५० ने भागा आणि उत्तराचा चौथा घात करा. उत्तर जवळजवळ तीन येईल. म्हणजे तो निळा प्रकाश पिवळ्याच्या तिप्पट विखुरतो. दिवे पांढरेशुभ्र झाले की आकाश अधिक उजळते, त्याचे एक कारण हे.

थोडे गणित

शहरापासून किती दूर जायला हवे? कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७७ साली यासाठी एक सोपा नियम मांडला. शहरामुळे आकाशाला येणारा उजेड लोकसंख्येच्या सम प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले, तर उजेड निम्म्यावर न थांबता साडेपाच पटींहून अधिक उतरतो. नियम तिकडच्या दिव्यांवरून काढलेला असल्याने आपल्याकडे तो ढोबळ अंदाजापुरताच वापरायचा. पण दोन जागांची तुलना करायला तो फार उपयोगी आहे.

आता गंमत पाहा. २०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ६ हजार होती, नागपूरची सुमारे २४ लाख. म्हणजे नागपूर वर्ध्याच्या साडेबावीस पट मोठे. सरळ रेषेत नागपूर वर्ध्यापासून सुमारे ६८ किलोमीटर आहे. हे अंतर २० किलोमीटरांच्या ३.४ पट झाले, आणि ३.४ चा अडीचावा घात सुमारे २१ येतो. साडेबावीस आणि एकवीस, जवळजवळ सारखेच! याचा अर्थ, वीस किलोमीटरांवरचे वर्धा आकाश जितके उजळते, साधारण तितकेच अडुसष्ट किलोमीटरांवरचे नागपूर उजळते. म्हणून नुसते वर्ध्यापासून दूर जाऊन भागत नाही. कोणत्या दिशेला जायचे, हेही ठरवावे लागते.

नकाशा उघडा

जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घ्या. नागपूर ईशान्येला आहे. वर्ध्याहून पवनारवरून सेलूकडे निघालो, तर आपण नागपूरच्या उजेडाकडेच चालू लागतो. जंगल म्हटले की अनेकांना बोर आठवते. पण बोर धरणाचा परिसर नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरांवर आहे. वॉकरच्या नियमाने तिथे नागपूरचा उजेड वर्ध्यापेक्षा जास्त पोचतो. शिवाय २०१४ पासून बोर हा व्याघ्र प्रकल्प आहे. रात्री जंगलात शिरायला मनाई असते आणि ती योग्यच आहे.

वायव्येला आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुके नागपूरपासून दूर आहेत, पण पश्चिमेला अमरावती शहर येते. समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांजवळ रात्रभर दिवे असतात, तेही टाळायला हवेत. तरी आर्वीपासून आत गेलेल्या एखाद्या खेड्यात आकाश वर्ध्यापेक्षा खूपच चांगले मिळेल.

माझी पसंती विचाराल तर नैर्ऋत्येला. देवळी गाव आणि तिथल्या कारखान्यांचे दिवे मागे टाकून भिडीच्या बाजूला, वर्धा नदीच्या दिशेने जा. महामार्गापासून दोन-तीन किलोमीटर आत वळले की गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत. नागपूर इथून नव्वदेक किलोमीटर पडते, त्यामुळे त्याचा उजेड बराच कमी होतो. आणखी एक सोय अशी, की वर्धा आणि नागपूर दोन्ही ईशान्येलाच येतात. तिकडे पाठ केली की पुढचे दक्षिण आकाश काळेभोर राहते.

दक्षिण का हवी?

आपला जिल्हा सुमारे पावणेएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर तेवढेच अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा उंच दिसतो. एक मूठ साधारण दहा अंशांची. याच कारणाने दक्षिणेचे काही सुंदर तारे आपल्याला क्षितिजाजवळ का होईना, पण दिसतात. युरोपातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते घरून कधीच दिसत नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य तारा दक्षिणेला सुमारे साडेसोळा अंशांवर येतो. मेच्या मध्यास त्याच वेळी त्रिशंकूचा क्रूस उभा असतो. त्याचा वरचा तारा बारा अंशांवर, तर खालचा सहा अंशांवर असतो. सहा अंश म्हणजे फारच कमी! दहा मीटर उंचीचा कडुनिंब ऐंशी मीटरांच्या आत उभा असेल, तर खालचा तारा त्याच्या आड जाईल. म्हणून जागा आधी दिवसा पाहून घ्यावी. होकायंत्राने दक्षिण ठरवा आणि मुठीने झाडांची उंची मोजा.

केव्हा जावे?

यासाठी घरातले कॅलेंडर पुरेसे आहे. वद्य दशमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतच्या रात्री निवडा. या दिवसांत चंद्र एक तर मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, नाही तर लवकर मावळतो. सूर्य मावळल्यावर सव्वा तास थांबा, म्हणजे संधिप्रकाश पूर्ण सरतो. पावसाने धूळ धुऊन काढल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला. त्या दिवसांत देवयानीतील दीर्घिका डोक्याजवळ येते. तिचा प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

जागेवर पोचल्यावर डोळ्यांना वेळ द्या. अंधारात डोळ्याची बाहुली लवकर मोठी होते. पण दृष्टिपटलातील दंडपेशींमधले रंगद्रव्य भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. या रंगद्रव्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. मोबाईलचा पडदा एकदा डोळ्यांसमोर आला की सगळी मेहनत वाया! विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधा. मंद वस्तू पाहताना नजर किंचित बाजूला ठेवा; दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या भोवती दाट असतात.

नळीची कसोटी: करून पाहा

दोन जागांपैकी कोणती सरस, हे अंदाजाने ठरवू नका. जाड कागदाची ६ सेंटिमीटर व्यासाची आणि ३० सेंटिमीटर लांबीची नळी करा. लांबी व्यासाच्या पाचपट असली की त्या नळीतून दिसणाऱ्या आकाशाचा तुकडा आपल्या वरच्या अर्धगोलाचा दोनशेवा भाग असतो. नळीचे एक टोक डोळ्याला लावा आणि आकाशाच्या वेगवेगळ्या दहा भागांतले तारे मोजा. दहा आकड्यांची बेरीज करून तिला वीसने गुणा. तुम्हाला एका वेळी दिसणाऱ्या सर्व ताऱ्यांची संख्या मिळेल! बेरीज १२५ आली, तर आकाशात सुमारे २५०० तारे दिसत आहेत असे समजा.

हीच मोजणी शाळेच्या मैदानावर, गावाबाहेर आणि वावरात करा. तिथी, वेळ आणि हवेची स्थिती वहीत लिहा. वर्गातल्या पंधरा-वीस जणांनी आपापल्या गावात मोजणी केली, तर तुमच्या तालुक्याच्या अंधाराचा नकाशाच तयार होईल. शिक्षकांनी तो वर्गात लावावा आणि दर वर्षी नवा करावा. आकाश उजळत चालले आहे की नाही, हे त्यावरून कळेल.

सावधपणे जा

रात्री एकटे जाऊ नका. शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस बरोबर हवेच. घोणस, मण्यार यांच्यासाठी पायात बूट आणि हातात काठी ठेवा. मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्याही वावरात शिरू नका. रानडुकरांना अडवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणात बेकायदा वीजप्रवाह सोडतात आणि त्यात माणसांचेही जीव गेले आहेत. सर्वांत चांगला वाटाड्या म्हणजे जागलीला जाणारा किंवा रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी. गावचा गडद अंधार कुठे आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

अंधार परत मिळवता येतो

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशासंग्रहानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. तरी निराश होऊ नका. नद्या गाळाने भरल्या तर उपसायला वर्षे लागतात; उजेडाचा हा गाळ मात्र बटण दाबताच नाहीसा होतो.

आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातच याचे उदाहरण आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवला गेला. गावे अंधारात गेली नाहीत. रस्ते उजळलेलेच राहिले, फक्त आकाशाकडे वाया जाणारा प्रकाश थांबला.

तुमच्या गावात अशी सुरुवात एका दिव्यापासून करता येईल. शाळेसमोरच्या दिव्याचा प्रकाश वर आणि आडवा जातो का, ते पाहा. जात असेल तर त्याला झाकण बसवण्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज करा आणि नळीच्या मोजणीची वही सोबत जोडा. झाकण बसण्याआधी एकदा आणि बसल्यावर एकदा मोजणी घ्या. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. आणि मग आजीला अंगणात बोलावून विचारा, की तिच्या लहानपणी याच अंगणातून काय काय दिसत होते.