दिल्लीहून एका दिवसाचा पल्ला

थंडीच्या दिवसांत दिल्लीतल्या मराठी बिऱ्हाडांत पाहुण्यांची वर्दळ असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट ही ठिकाणे दोन दिवसांत आटोपतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर प्रश्न येतो, ‘आता जवळपास आणखी काय पाहण्यासारखे आहे?’ बहुतेकांच्या मनात आग्रा आणि जयपूर अगोदरच ठरलेले असते. प्रवासी कंपन्यांनी दिल्ली, आग्रा व जयपूर यांचा जो त्रिकोण आखून ठेवला आहे, त्याच्या बाहेर पाऊल टाकावे असे सहसा कोणास वाटत नाही. मी मात्र माझ्या पाहुण्यांना प्रथम उत्तरेची वाट दाखवितो.

ही वाट पानिपतची. अंतर सुमारे ९० किलोमीटर. काश्मिरी दरवाज्याच्या बसस्थानकावरून दिवसभर गाड्या सुटतात. दिल्ली-अंबाला लोहमार्गही तिकडूनच जातो. इतकेच काय, पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस पानिपतावरूनच धावते. पुण्याच्या माणसाला पानिपत असे एकाच गाडीने जोडलेले आहे, याचे मला नेहमी नवल वाटते.

काश्मिरी दरवाजा मागे पडला की थोड्याच वेळात उजव्या हाताला, यमुनेच्या बाजूस, बुराडी राहते. आज तिथे दाट वस्ती आहे. तेथील घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले. तो दिवस संक्रांतीचा होता. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ चे, म्हणून तेही संक्रांतीलाच झाले असे पुष्कळ जण समजतात. परंतु त्या काळी संक्रांत आजच्यापेक्षा काही दिवस अगोदर येत असे. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी.

पुढे मुरथळला बस थांबते. लोणी घातलेले पराठे खाऊन घ्यावेत, कारण पुढे ज्या उपासमारीचे बोलणे निघते, ते रिकाम्या पोटी ऐकवत नाही.

श्रोतेहो, शाळेत आपण पानिपतची कारणे पाठ केलेली असतात. पण या रस्त्याने गेल्यावाचून एक गोष्ट नीट ध्यानात येत नाही. सदाशिवरावभाऊंनी ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतली. पैशाची चणचण इतकी होती, की लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासच्या छताची चांदी त्यांना काढावी लागली. किल्ला पाहताना ते छत आठवणीने पाहावे. मग ते उत्तरेकडे कुंजपुऱ्यावर गेले आणि ऑक्टोबरात ते ठाणे त्यांनी जिंकले. अब्दाली तेव्हा यमुनेपलीकडे, दुआबात होता. नदी दुथडी भरलेली असल्यामुळे तो इतक्यात उतरणार नाही, असा सर्वांचा अदमास होता. पण ऑक्टोबर सरता सरता तो बागपतजवळ नदी उतरून अलीकडे आला. बागपत दिल्लीपासून अवघ्या ४० किलोमीटरांवर आहे! म्हणजे अफगाण सैन्य मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसले. पंजाब मराठ्यांच्या पाठीशी आणि दिल्ली समोर, शत्रूच्या पलीकडे. काबूलकडून आलेल्या शत्रूशी आपण दक्षिणेकडे तोंड करून लढलो. दिल्लीहून निघालेला आजचा प्रवासी पानिपतच्या मैदानावर पोहोचतो तो अब्दालीच्या बाजूने, हे जाणवले की अंगावर काटा येतो. दोन-अडीच महिने छावणीची रसद तुटत गेली. दुआबातून ती पाठविण्याचे काम ज्यांच्याकडे होते, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. अखेरीस अन्नावाचून मरण्यापेक्षा रणात मरावे, असे ठरले.

पानिपत शहराबाहेर ‘काला अंब’ या नावाचे स्मारक आहे. बाग आणि मधोमध एक स्तंभ, एवढेच. ज्या आंब्यावरून हे नाव पडले तो आता नाही. रक्ताने ती भूमी काळवंडली, असे सांगतात. पाहुण्यांपैकी एखादा निराश होऊन विचारतो, ‘एवढेच?’ त्याला मी स्तंभापाशी न थांबता भोवतालच्या सपाट शेतांकडे पाहण्यास सांगतो. आडोशाला टेकडी नाही, दरी नाही, घाट नाही. गनिमी काव्यात वाढलेल्या सैन्याला हा मुलूख किती परका वाटला असेल, हे त्या सपाटीकडे पाहिल्यावर कळते. दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातूनही लोक येथे जमतात. मात्र त्या सुमारास धुके दाट असते, गाड्या तासन्‌तास रखडतात. सवड असेल तर फेब्रुवारीत जावे. बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद आणि १५२६ च्या लढाईत पडलेल्या इब्राहीम लोदीची कबर शहरातच आहेत. परतताना पचरंगी लोणचे व घोंगड्या-चादरी घेऊन लोक येतात. पानिपत हे आज मागाचे गाव आहे.

आग्र्याविषयी फार सांगत नाही. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, एवढे ध्यानात ठेवावे म्हणजे झाले. मात्र किल्ल्याला एक तास अधिक द्यावा. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते येथे, आणि १७ ऑगस्टला ते आग्र्याहून निसटले. किल्ल्यासमोर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे.

ज्यांना दिल्लीला परतावयाचे नाही, त्यांनी आग्र्याहून तसेच पुढे निघावे. मथुरेजवळ डीग आहे. भरतपूरच्या जाटांचे ते ठाणे. सुंदर महाल आहेत, आणि प्रवासी मोजकेच. पानिपतातून जीव वाचवून आलेल्यांना सूरजमल जाटाने आश्रय दिला तो या मुलखात. पार्वतीबाई याच वाटेने ग्वाल्हेरीस पोहोचल्या. आज निजामुद्दीनहून सुटणारी गतिमान एक्सप्रेस आग्रा, ग्वाल्हेर करीत झाशीस जाते. सकाळी दिल्लीत चहा घेतलेला माणूस दुपारच्या जेवणाला झाशीत असतो. तथापि ग्वाल्हेरीस उतरावे. राणी लक्ष्मीबाईची समाधी तेथे आहे, तानसेनाची कबर आहे, आणि शिंद्यांच्या मागोमाग आलेली मराठी घराणी अजून तेथे नांदत आहेत. त्यांच्या मराठीत हिंदीचा हेल मिसळलेला असतो. पुण्याच्या माणसाला प्रथम हसू येते. पण एखाद्या घरी जेवणाचे आमंत्रण आले, ताटात पुरणपोळी पडली आणि यजमानीणबाईंनी आग्रह सुरू केला, की गाडीची वेळ टळून जाते.