पट्ट्यांची साक्ष

डिसेंबर 2024 मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एका ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. चहूबाजूंनी शेतं, वस्त्या आणि जवळून जाणारा महामार्ग. इथे वाघ येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फोटोतले पट्टे जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर ओळख पटली. हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा नर होता. शेकडो किलोमीटर पार करून तो मराठवाड्यात उतरला होता.

ही ओळख पटवणारी पेटी दिसायला अगदी साधी असते. खाकी-हिरवट रंगाची, पट्ट्याने झाडाच्या बुंध्याला बांधलेली, साध्या सेलवर चालणारी. तिच्या आत एक संवेदक असतो. समोरून येणारी उष्णता तो सतत मोजत राहतो. आजूबाजूच्या तापमानापेक्षा वेगळं काही त्याच्यासमोरून सरकलं की क्षणार्धात कॅमेरा जागा होतो आणि तारीख-वेळेसह फोटो कार्डावर उमटतो. उष्णता आणि हालचाल, दोन्हींचा मेळ बसावा लागतो. म्हणूनच उन्हाने तापलेलं गवत वाऱ्याने डोललं तरी तो फसतो आणि शेकडो फोटोंत नुसतं गवतच सापडतं. उलट, विदर्भातल्या मे महिन्यात हवेचं तापमान जनावराच्या अंगाच्या उष्णतेजवळ पोहोचतं, तेव्हा समोरून गेलेलं जनावरही त्याच्या नजरेतून निसटू शकतं.

रात्रीच्या उजेडाचा प्रश्न वेगळा. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात काढलेला फोटो काळा-पांढरा येतो आणि बऱ्याचदा किंचित पुसटही. जनावर बुजत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण पट्टे आणि ठिपके जुळवायचे असतील तर पांढरा फ्लॅश जास्त उपयोगी, कारण तिथे कडा स्वच्छ दिसायला हव्यात. शिवाय वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. म्हणून मोजणीसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. दोघांना अगदी समोरासमोर ठेवत नाहीत, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढराफटक करून टाकतो.

तंत्राचा भाग इथे संपतो. पुढचं सगळं जंगल ओळखणाऱ्यावर असतं. कॅमेरा कुठे लावायचा हे यंत्र सांगत नाही. वनरक्षक आणि वनमजूर सांगतात. कोरड्या नाल्याच्या वाळूत उमटलेला पंजा, बुंध्यावरचे नखांचे ओरखडे, वाटेच्या कडेची विष्ठा, दोन वाटा मिळतात ती जागा, ही त्यांची रोजची अक्षरं. वाघ-बिबट्याला काट्याकुट्यातून जाण्यापेक्षा गाडीवाट आणि पायवाट आवडते, हेही त्यांनाच आधीपासून ठाऊक असतं. जागा ठरली, कॅमेरा बांधला, की त्यांच्यातलाच एकजण हातापायांवर रांगत समोरून जातो आणि दिवा लुकलुकतो का ते बघतो. मोठमोठ्या अहवालांमागे असं गुडघ्यांनी केलेलं काम असतं आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

जनावराकडूनच त्याचा फोटो काढून घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉर्ज शिरास तिसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाटेवर दोरी ताणून ती कॅमेऱ्याला जोडली. हरणाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा. जुलै 1906 च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांचे 74 फोटो छापले. भारतात हे काम एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात केलं. तो काळ वाघ मारून त्यावर पाय ठेवून फोटो काढण्याचा होता. चॅम्पियन यांनी त्याच वाटांवर तार पसरली, मॅग्नेशियमच्या फ्लॅशची जुळणी केली आणि काचेवरचा एकेक फोटो मिळवण्यासाठी रात्रीमागून रात्री घालवल्या. 1927 साली त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आलं. फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. आजची सगळी व्याघ्रगणना याच निरीक्षणावर उभी आहे.

तरी ते वापरात यायला अनेक दशकं गेली. आपल्याकडे वाघ मोजले जात ते पाऊलखुणांवरून. पंजाचा ठसा काचेवर गिरवायचा आणि आकारावरून वाघ ओळखायचा. पण ओल्या मातीतला ठसा आणि भुसभुशीत वाळूतला ठसा एकाच वाघाचा असूनही वेगळा दिसतो. बंगळूरचे वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत 1990 च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरे लावून दुसरी पद्धत मांडत होते, पण सरकारी यंत्रणा जुन्याच रीतीला धरून राहिली. मग राजस्थानातलं सरिस्का आलं. 2004 च्या गणनेत तिथे कागदावर सोळा-अठरा वाघ होते. 2005 च्या सुरुवातीला कळलं, की प्रत्यक्षात एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि गणनेला त्याचा पत्ताही नव्हता. त्यानंतरच देशाची पद्धत बदलली.

नव्या पद्धतीतलं गणित समजायला सोपं आहे. समजा पहिल्या फेरीत 20 वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीतही 20 आले, पण त्यातले 10 आधी पाहिलेले निघाले. म्हणजे पहिल्या फेरीत जंगलातले साधारण निम्मे वाघ सापडले होते. तेव्हा एकूण 40 च्या आसपास असावेत. प्रत्यक्षातलं संख्याशास्त्र याहून बरंच गुंतागुंतीचं आहे, पण गाभा हाच. न दिसलेल्या वाघांचाही अंदाज त्यामुळे करता येतो. 2018 च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले. जवळपास 3 कोटी 48 लाख फोटो निघाले आणि त्यात वाघाचे फक्त 76,651. त्यांतून 2,461 वेगवेगळे वाघ ओळखले गेले. जगातलं सर्वांत मोठं कॅमेरा सर्वेक्षण म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. एवढा ढीग माणसांनी उपसणं अशक्यच. आधी संगणक प्राण्यांची वर्गवारी करतो आणि मग दुसरी प्रणाली पट्टे जुळवते.

ज्यांच्या अंगावर खुणा नाहीत त्यांच्यापुढे मात्र ही रीत अडते. सांबर, गवा, रानडुक्कर यांचे फोटो मिळतात, पण हा कालचाच गवा की दुसरा, हे सांगणं कठीण.

आणखी एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. कॅमेऱ्याला वाघ आणि सरपण आणायला निघालेली बाई यांतला फरक कळत नाही. उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसरात झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की कॅमेऱ्यांच्या धाकाने बायकांचं जंगलातलं वागणंच बदललं. त्यांचं मोकळं बोलणं, गाणं थांबलं. एका बाईचा शौचाला बसलेला फोटो तर स्थानिक समाजमाध्यमांवर फिरवला गेला. गावकऱ्यांना न सांगता कॅमेरे लावणं आणि माणसांचे फोटो जपून ठेवणं याचं कोणत्याही संवर्धनाच्या नावाने समर्थन करता येणार नाही. कॅमेरा कुठे आहे हे गावाला माहीत असलं पाहिजे आणि माणसाचा फोटो आला तर तो पुसलाच पाहिजे.

महाराष्ट्रात हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा, कारण इथल्या कॅमेऱ्यांचं सर्वांत मोलाचं काम अभयारण्याबाहेर, माणसांच्या गर्दीत झालं आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. तिथे जंगल नव्हतं, हरणं-सांबरं नव्हती, आणि दर चौरस किलोमीटरला 300 हून जास्त माणसं राहत होती. 2013 मध्ये आलेल्या निष्कर्षाने अनेकांना चकित केलं. दर 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास 5 प्रौढ बिबटे, आणि तेवढेच तरसही. दिवसा ज्या वाटेने शेतकरी जात, तिथूनच रात्री बिबट्या जाई. त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. ‘जंगलातून चुकून आलेला बिबट्या’ ही समजूत त्या फोटोंपुढे टिकली नाही. ही जनावरं उसातच राहत होती, उसातच पिलं वाढवत होती.

शेजारच्या जुन्नर भागात याच्या उलट समजुतीने काय झालं, त्याचीही नोंद आहे. शेतातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा 2001 पासून सुरू झाला. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते. 2001 ते 2003 या काळात ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेली, बावरलेली जनावरं शांत राहतील ही अपेक्षाच चुकीची होती.

आज जुन्नर, शिरूर, आंबेगावात माणसं आणि लेकरं बिबट्याच्या हल्ल्यात जातात तेव्हा गावाचा संताप खराच असतो आणि बंदोबस्तही तातडीने व्हायला हवा. हल्ला झाला की पिंजरा लागतो आणि पहिला जो सापडेल तोच हल्लेखोर ठरतो. पण बिबट्याच्या अंगावरचे ठिपक्यांचे गुच्छही वाघाच्या पट्ट्यांसारखेच प्रत्येकाचे वेगळे असतात. हल्ल्याच्या जागेभोवती लगेच कॅमेरे लागले, तिथे कोण वावरतंय हे टिपलं गेलं, तर पिंजऱ्यात आलेलं जनावर त्यांपैकीच आहे की नाही हे ठिपक्यांवरून ताडून पाहता येतं. नसेल, तर ज्याच्यापासून धोका आहे तो अजून उसातच आहे. ते त्याच संध्याकाळी गावाला कळणं गरजेचं आहे.