पोथीचा गंध आणि वाचकाची स्मृती

कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावात, आषाढाची झड अद्याप ओसरलेली नसताना, श्रावणातील वाचनासाठी एखाद्या घरची लाकडी पेटी उघडली आणि तांबड्या रुमालात बांधलेली पोथी पाटावर आली, की अक्षरांवर दृष्टी पडण्यापूर्वीच वेखंडाचा उग्र दर्प, त्यामागून कापूर-बुक्क्याचा मंद परिमळ आणि सर्वांच्या तळाशी जुन्या कागदाचा आंबूस वास नाकाशी येतो. आणि कैक वर्षांत न म्हटलेली ओवी आजीच्या ओठांवर आपसूक येते.

या चमत्काराला शारीर आधार आहे. दृश्य आणि ध्वनी यांच्या संवेदना थॅलॅमस नावाच्या चौकीवर रुजू होऊनच मेंदूच्या बाह्यस्तराकडे जातात. गंधाची वर्दी मात्र ती चौकी टाळून, भावनेचे अधिष्ठान असलेल्या अमिग्डालाकडे थेट आणि स्मृतीची घडण करणाऱ्या हिपोकॅम्पसच्या अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचते. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला व २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असून त्यांच्या भिन्नभिन्न संयोगांतून एकेका वासाची ओळख पटते. वाचनाशी याचा संबंध फ्रँक शाब यांनी १९९०च्या सुमारास तपासला: चॉकलेटच्या वासात शब्दांचे काम केलेल्या विद्यार्थ्यांना, दुसऱ्या दिवशी तोच वास दरवळत असता, ते शब्द अधिक आठवले.

कागदाचा वास हा मात्र कागदाच्या क्षयाचाच वास होय. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन विघटित होता होता व्हॅनिलिन सुटते, म्हणून जुन्या छापील ग्रंथांना किंचित गोडसर झाक असते. कागदाच्या इतर घटकांच्या विघटनात फर्फ्युरल व ॲसिटिक आम्लही निघते. मातिया स्ट्रलिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ७२ जुन्या कागदांचे बाष्प तपासून वासावरूनच कागदाची प्रकृती जोखता येते असे दाखविले. आंबटपणा वाढला तर तो इशारा समजावा. चिंध्यांपासून हाताने केलेल्या जुन्या कागदात लिग्निन नाममात्र असल्याने हस्तलिखिते आपल्या छापील पुस्तकांपेक्षा पुष्कळदा अधिक सुस्थितीत सापडतात.

वाचनाकडून गंधाकडे जाणारी उलट वाट मात्र बंद आहे, आणि ते मला अधिक विचारार्ह वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी, संस्थेच्या संग्रहातील एका हस्तलिखितात दडलेले गंगाधराचे ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेले ‘गंधवाद’ हे दोन सुगंधशास्त्रीय ग्रंथ अभ्यासकांसमोर आणले. वराहमिहिराने तर बृहत्संहितेत सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १८२० प्रकार मांडून ठेवले होते. हे सारे आपण वाचू शकतो. द्रव्ये, प्रमाणे, कृती सर्व समजते. पण वाचून नाकाशी काही येत नाही, कारण बहुतेकांना पूर्वी घेतलेला वासही मनात हुबेहूब उभा करता येत नाही, मग कधीच न घेतलेल्याची कथा काय! गंध वाचन जागवतो, वाचन गंध जागवीत नाही. म्हणून ग्रंथाचा मजकूर छायाचित्रांत उतरवून मूळ प्रत मोडीत काढणे हा व्यवहार मला अपुरा वाटतो.

भिसेगावासारख्या दमट गावी कसर आणि बुरशी यांच्यापासून पोथी राखणे सोपे नाही. वेखंडातील ॲसारोन कीटकांना दूर ठेवते, हा आपल्या आज्यांचा तोडगा शास्त्रालाही मान्य होण्याजोगा आहे. पावसाळा सरल्यावर, अश्विनात, पोथी उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर उघडावी, वेखंडाची पुरचुंडी बदलावी, ती कागदाला टेकू देऊ नये, आणि घरात वाचणारे कोणी उरले नसेल तर ती रद्दीत न घालता जवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन करावी, एवढी विनंती आहे.