सायकलची चेन घरच्या घरी साफ करा, दीडशे रुपयांच्या आत

एरवी आपण इथे मोबाईल, ॲप आणि सेटिंगबद्दल बोलतो. आज मात्र दोन चाकांच्या मशीनबद्दल लिहितोय, कारण चूक माझी होती आणि लागलं माझ्या धाकट्या बहिणीला.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. एसटी पकडायची तर आधी फाट्यापर्यंत सायकल. ती सायकल मी तीन वर्षं "सांभाळली" म्हणजे काय केलं, तर चेन वाजायला लागली की गॅरेजमधून बाटलीभर काळं ऑइल आणायचं आणि वरून ओतायचं. आवाज बंद, काम झालं. मागच्या पावसाळ्याआधी ती सायकल बहीण घेऊन गेली. चढावर उभी राहून पायडल मारताना चेन सटकली, ती हँडलवर आपटली आणि हनुवटीला तीन टाके पडले. शहापूरच्या दुकानातल्या काकांनी चेन बोटावर धरली आणि एकच वाक्य बोलले, "हिला तू तेल नाही, चिखल पाजलास." चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलावं लागलं.

काका बरोबर बोलत होते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि धातूचे बारीक कण असतात. त्यात आपल्याकडची लाल धूळ मिसळली की तयार होते ती पॉलिश पेपरसारखी घासणारी पेस्ट. "चेन लांबली" असं आपण म्हणतो, पण पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन असते. ही पेस्ट आत शिरून पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजवते. शंभरेक कड्यांची एवढीशी झीज एकत्र झाली की पूर्ण चेन लांब होते, फ्रीव्हीलच्या दात्यांवर नीट बसत नाही आणि जोर लागला की उडी मारते. नेमकी चढावरच.

आधी चेन मोजा

साफ करायच्या आधी बघा, चेन साफ करण्यालायक उरलीय का. शाळेची 30 सेंटीमीटरची पट्टी पुरते. चेन ताणून धरा, एका पिनचा मध्य शून्यावर ठेवा आणि पुढच्या पिना मोजत जा. एका पिनपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे विसावी पिन 25.4 सेंटीमीटरवर यायला हवी. 25.5 च्या पुढे गेली तर नवीन चेनसाठी पैसे बाजूला काढा. 25.7 च्या आसपास असेल तर बहुतेक फ्रीव्हीलचे दातेही गेलेत, मग कितीही घासा, उपयोग नाही.

आता मोबाईल काढा. गिअरची सायकल असेल तर मागच्या दोन छोट्या चाकांमधून चेन कशी फिरते त्याचा फोटो घ्या, परत बसवताना डोकं खाजवावं लागत नाही. मग सायकल उलटी करून पायडल हळूहळू मागे फिरवा आणि स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. एखादी कडी अडकलेली असेल तर ती तिथून जाताना टुणकन उडते. डोळ्याला दिसत नाही, व्हिडिओत लगेच दिसते.

सामान

जुना टूथब्रश, फाटका बनियन, पाण्याची रिकामी बाटली, भांडी घासायचं लिक्विड, शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली. आणि अर्धा कप डिझेल. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचे, ते आता आमच्याकडे सहज मिळत नाही. डिझेल मी ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याकडून घेतो. पेट्रोल मात्र नको म्हणजे नकोच. त्याची वाफ साध्या हवेतही तयार होते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. डिझेलचं कामसुद्धा अंगणात करा, चुलीपासून लांब. हातात दुधाची रिकामी पिशवी घातली की हातमोज्याचं काम होतं.

बाथरूम धुवायचं ॲसिड लावायचा सल्ला एखाद्या व्हिडिओत दिसेल. ऐकू नका, ॲसिडने स्टील कमजोर होतं.

काम

साध्या सायकलच्या चेनला एक लॉक असतं, वर छोटी क्लिप. पक्कडीने क्लिप सरकवली की चेन सुटते. ती बाटलीत टाका, वर डिझेल ओता, झाकण घट्ट लावा आणि दोन मिनिटं खळखळून हलवा. जे काळं पाणी निघेल ते बघून मला स्वतःचीच लाज वाटली होती. दहा मिनिटं ठेवून परत हलवा. मग दुसऱ्या बाटलीत गरम पाणी आणि लिक्विड घेऊन तसंच करा, नाहीतर आत राहिलेलं डिझेल नवीन तेल पातळ करून टाकतं. स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. घाई केलीत तर आतून गंज धरतो.

चेन वाळेपर्यंत पुढचं चक्र आणि फ्रीव्हील टूथब्रशने घासा. इथे ब्रश फक्त ओलसर हवा, निथळता नको. डिझेल फ्रीव्हीलच्या किंवा हबच्या आत गेलं की तिथलं ग्रीस धुतलं जातं आणि बेअरिंग वाजायला लागतं. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा पाईपही म्हणूनच नको. रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर थेंब उडाला तर लगेच साबणाने पुसा, नाहीतर उतारावर ब्रेक लागणार नाही.

चेन परत चढवताना क्लिपची बंद गोल बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निघू शकते.

आता तेल. प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब, पायडल मागे फिरवत. पाच मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल बनियनने पुसून काढा. हो, सगळं! तेल आत पिनजवळ हवं, बाहेरचं तेल फक्त धूळ गोळा करतं. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका, थोड्या दिवसांत चिकट होतं. डब्ल्यूडी-40 चा स्प्रे साफ करायला, पाणी हटवायला चांगला, पण नुसत्या त्याच्यावर चेन फार दिवस चालत नाही.

शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, त्यामुळे पावसाळ्यात लवकर धुतलं जातं. भिजून आलात तर त्याच संध्याकाळी चेन पुसून थेंब थेंब तेल द्या. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा कोरडं फडकं फिरवलं तरी पुरतं. बाटलीवाली सफाई मी दोन महिन्यांनी करतो, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावलाय.

एक राहिलंच. काळं झालेलं डिझेल ओढ्यात किंवा शेतात ओतू नका. आपल्या ओढ्यांचं पाणी शेवटी नद्यांना मिळतं, शहापुरातली भातसा आणि तानसा धरणं तर मुंबईला पाणी पाजतात. बाटली दोन दिवस न हलवता ठेवली की गाळ खाली बसतो, वरचं डिझेल पुढच्या वेळी परत चालतं. तळाचा गाळ मी डब्यात साठवतो आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये देतो. तेच गॅरेज, जिथून मी काळं ऑइल आणायचो.

बहीण आता सायकल घेण्याआधी चेनवर बोट फिरवून बघते. बोट काळं झालं तर मला हाक मारते.