तापातल्या मुलाला अळणी, गव्हले आणि लिंबू

जून-जुलैचा पाऊस लागला की अनगोळच्या आमच्या वर्गांतील बाक रिकामे दिसू लागतात. सर्दी, ताप, खोकला! मूल परत आले की आम्ही विचारतो, घरी काय खाल्लेस? बऱ्याचदा उत्तर येते, पाकिटातले सूप नाहीतर नूडल्स. आई-वडील दोघेही कामाला जातात, त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण अशा पाकिटात मीठच भरपूर असते, आणि त्याहून चांगली वस्तू आपल्याच घरात आहे.

परदेशात ज्याला चिकन सूप म्हणतात, ती आपली अळणी. तिखट रस्सा करण्यापूर्वी हळद-मिठात शिजलेल्या कोंबडीचे पाणी वेगळे काढायचे आणि लहान मुलांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला द्यायचे, ही या भागातील जुनी रीत. (नाव अळणी, पण मीठ असतेच.) पास्त्याची उणीवही नाही. शेवया, बोटवे, मालत्या, नखुले, गव्हले हे आपले वळवट म्हणजे दुसरे काय? इटालियन लोकांचा 'ओर्झो' हा पास्ता तर हुबेहूब गव्हल्यांसारखा, तांदळाच्या दाण्याएवढा असतो. आपण मात्र गव्हले खिरीला वापरतो किंवा रुखवतात बरणीत मांडतो.

चौघांसाठी अर्धा किलो हाडांसहित कोंबडी घ्यावी. स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर गार पाणी, कोंबडी, एक कांदा, सहा-सात लसूण पाकळ्या, इंचभर आले, पाच-सहा मिरी, अर्धा चमचा हळद व बेताचे मीठ घालून मंद आचेवर ठेवावे. वर येणारा फेस काढून टाकावा. ब्रॉयलर पाऊण तासात शिजते; गावठीला दीड तास तरी हवा, पण चव तिचीच. आच मोठी केली की पाणी गढूळ होते. हाडे व सांधे यांतील कोलॅजन सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन बनते, म्हणूनच गार झालेली चांगली अळणी थलथलीत होते. ती बिघडली असे समजून ओतून देऊ नये.

अर्धी वाटी गव्हले चमचाभर तुपात गुलाबी परतावेत आणि वेगळ्या पाण्यात शिजवून निथळावेत. अळणीतच शिजवले तर तेच सगळे पाणी पिऊन टाकतात आणि सुपाची खीर होते. गाळलेल्या अळणीत गव्हले व सोडवलेले मांस घालून एक उकळी आणावी.

लिंबू मात्र पातेले खाली उतरवल्यावरच पिळावे. उष्णतेने 'क' जीवनसत्त्व कमी होते आणि ताजा वासही उडतो. साल फार दाबू नये, कडवटपणा उतरतो. जर्मनच्या पातेल्यात आंबट शिजवू नये, कारण आम्लाची त्या धातूशी क्रिया होते. तापात तोंडाला चव नसते. आंबटपणाने लाळ सुटते आणि कमी मिठातही चव लागते. ग्रीक लोक याच कारणी लिंबू वापरतात. त्यांच्या 'आव्गोलेमोनो' सुपात अंडे व लिंबाचा रस फेटून त्यात गरम सूप चमचा-चमचा मिसळतात आणि मग ते मिश्रण पातेल्यात ओततात. एकदम ओतले तर अंडे फुटते.

हे औषध आहे का? 2000 साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी चिकन सूप तपासले, तेव्हा त्याने पांढऱ्या पेशींची हालचाल काहीशी मंदावते असे दिसले. सर्दीतील सूज याच पेशींमुळे वाढते. पण तो प्रयोगशाळेतला प्रयोग, माणसांवरचा नव्हे. पाणी, मीठ, प्रथिने व गरम वाफ मिळते, एवढे मात्र खरे. ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडेच जावे.

माळकरी घरांनी मुगाच्या कढणात गव्हले घालून वर लिंबू पिळावे. तेही पोटाला हलके.

आता अडचण एकच. गव्हले वळता येणारे हात कमी होत चालले आहेत. रव्याचा घट्ट गोळा तासभर मुरवून दोन बोटांत वळायचे, हे काम पाचवीच्या मुलांनाही जमते. विश्वस्तांनी मान्यता दिल्यास उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी कार्यानुभवाच्या तासाला आम्ही आज्यांना शाळेत बोलावणार आहोत. रवा शाळेचा, ताट मुलांनी घरून आणावे. उन्हात कडक वाळवलेले गव्हले डब्यात भरून ठेवले की पावसाळ्यात उपयोगी पडतील.